तंबू खालीच आहे

नदीकाठी तंबूत राहणं फार सुंदर असतं, असं माझी नात सांगते. गेल्या थंडीत ती मैत्रिणींबरोबर डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात राहून आली. तिथं म्हणे तंबूत पलंग असतो, मागे न्हाणीघर असतं आणि सकाळी एक माणूस दाराशी चहा आणून ठेवतो. मी म्हटलं, बाई, तो माणूस म्हणजे मीच. ती हसली. पण मी खरंच सांगत होतो. जंगल खात्यात मी खलाशी होतो आणि उभी हयात दुसऱ्यांना नदीकाठी झोपवण्यात गेली.

खलाशी म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या जहाजावर होता? बऱ्हाणपुरात जहाज कुठून आणू? आमच्याकडे तंबू ठोकणाऱ्यालाही खलाशीच म्हणतात. का म्हणतात ते मला कुणी सांगितलं नाही. दोर दोन्हीकडे ओढावे लागतात, म्हणून असेल.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असं इथली मंडळी मला बरीच वर्षं म्हणत होती. मी टाळत होतो. लिहायचं तर एक गोष्ट लिहावीच लागली असती, आणि एक माणूस हयात असेपर्यंत ती लिहिणं शक्य नव्हतं. यमुनावहिनी या उन्हाळ्यात गेल्या. म्हणून आता लिहितो.

आधी धंदा समजून घ्या. तंबू उभा करणं म्हणजे दोन खांब आणि वर कापड, असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. पहिलं काम जागा बघण्याचं. काठावरच्या जांभळीच्या, करंजाच्या फांद्यांत वाळकं गवत अडकलेलं असतं. ते पुराने आणून ठेवलेलं असतं. त्या गवताच्या वर साहेबाचा तंबू. मग मेखा. मेख सरळ ठोकायची नाही, तंबूकडे पाठ करून तिरकी ठोकायची. तणावा, म्हणजे तंबूचा दोर, दव पडलं की आवळतो आणि ऊन चढलं की सैल पडतो. त्यामुळे खलाशाचा दिवस दोर ढिले करण्यात सुरू होतो आणि ताणण्यात संपतो. संसारही असाच करायचा असतो, असं नारायणदादा म्हणायचा. त्याचं लग्न तेव्हा झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याला खूप सुचायचं.

नारायणदादा माझा उस्ताद. रावेरकडचा. उंच, काटक, बोलणं खानदेशी. मला "ए भो" म्हणून हाक मारायचा. मी बऱ्हाणपूरच्या लालबागचा. घरी केळी होती, पण भावांत मी शेंडेफळ. शेतात माझी गरज नव्हती आणि शाळेला माझी. दादाने माझ्या हातात मेखा ठोकायची लाकडी मोगरी दिली आणि म्हणाला, "मेखेवर मार, बोटावर नको. खातं बोटं देत नाही."

गिऱ्हाइकं एकेक भेटली. आम्ही साहेबांना आपसांत गिऱ्हाइकंच म्हणायचो. एका साहेबांच्या मेमसाहेबांना झोपेतून डोळे उघडले की नदी दिसायला हवी होती. दादाने हात जोडून सांगितलं, बाईसाहेब, तिकडून वारा येतो. ऐकलं नाही. सकाळी त्यांना नदी दिसली खरी, पण छताशिवाय. एक नकाशे काढणारे गृहस्थ बूट घालून झोपायचे. साप आला तर पळायला बरं, म्हणे. साप काही आला नाही, त्यांच्या बुटात बेडूक मात्र सापडला. तो त्यांच्याबरोबरच झोपला होता की सकाळी आला, यावर आम्ही आठवडाभर वाद घातला.

मग राज्यं नव्याने बेतली गेली. बऱ्हाणपूर होतं तिथंच राहिलं, पण आम्ही ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवायचो ती पलीकडची माणसं दुसऱ्या राज्यात गेली. देडतलाईच्या पुढे, डोंगरात, तापीच्या एका वळणावर आमचा जुना कॅम्प होता. समोरचं जंगल आता दुसऱ्या सरकारचं झालं. वाघांना कुणी कळवलं नव्हतं, ते दोन्हीकडे फिरत राहिले. सामानाचीही वाटणी झाली. वाटणी करणाऱ्यांनी आयुष्यात तंबू बघितला नसावा. मोठ्या तंबूचं छत आमच्या वाट्याला आलं आणि त्याच्या कनाती, म्हणजे बाजूचे पडदे, पलीकडे गेल्या. पलीकडचा कासमभाई खलाशी नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "तुम्हाला डोकं दिलं आणि आम्हाला लुगडं." आम्ही हसलो खूप. त्याच्याबरोबर पुढे कधी एका चुलीवर भाकरी झाली नाही.

त्याच वर्षी दुबेसाहेब आले. ग्वाल्हेरच्याही पलीकडचे, मराठीचा गंध नाही. आधीचे साहेब नागपूरकडचे असायचे. त्यांना मराठी कळायची आणि ते शिव्याही मराठीत द्यायचे. हे मात्र शिवी देतच नसत. खलाशाला "आप" म्हणणारा साहेब आम्ही पहिल्यांदा बघितला. दादा मला म्हणाला, "भो, हा आपल्याला आप म्हणतो. काहीतरी गडबड आहे."

पहिल्याच आठवड्यातली गंमत. साहेबांना त्यांचा तंबू आतून झाडून हवा होता. जाता जाता ते म्हणाले, "नारायणजी, ये तंबू ज़रा खाली कर दीजिए." त्यांच्या मनात होतं, सामान बाहेर काढा, रिकामा करा. दादाच्या कानात मराठी. तंबू खाली करा म्हणजे खाली आणा, पाडा. त्याला नवल वाटलं, पण हुकूम तो हुकूम. त्याने तणावे सोडले आणि आतल्या आरशासकट, चहाच्या किटलीसकट तंबू जमिनीला टेकवला. साहेब परत आले तर तंबू सपाट आणि मधून किटलीचं टेंगूळ वर आलेलं. दादा शेजारी अदबीने उभा. म्हणाला, "खाली केला, साहेब."

मी बऱ्हाणपूरचा. आमच्या तोंडात दोन्ही भाषा एकाच घागरीतल्या. मी घोटाळा उलगडून सांगितला तेव्हा दुबेसाहेब पोट धरून हसले. म्हणाले, "भास्कर, ये शब्द तो बड़ा खतरनाक है." पुढे काही दिवस ते मुद्दाम मला विचारायचे, "खाली माने नीचे ना?" मग ते हसणं विरलं, आणि त्याबरोबर तो धडाही.

आमच्या कॅम्पात एक जुनी रीत होती. साहेबाचा तंबू वर टेकाडावर आणि खलाशांची राहुटी खाली, पार पाण्याजवळ. गोऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेली. पाणी भरायला सोपं पडतं आणि साहेबाच्या नजरेला आमची लुगडी-धोतरं पडत नाहीत. कोरड्या दिवसांत काही वाटतही नसे. खरं सांगायचं तर तिथंच जास्त सुख होतं. पहाटे नदीवर धुकं उभं राहायचं. टिटवी ओरडायची, आणि दोर ढिले करायला बाहेर आलं की वाळूत सांबरांची खुरं उमटलेली असायची. वर साहेब लोक कंदील लावून पत्ते खेळायचे. खाली आम्ही नुसते पडून पाण्याचा आवाज ऐकायचो. पुढे अनेक नद्यांच्या काठी झोपलो, पण ती झोप नाही.

दुबेसाहेबांना ही रीत आवडली नाही. "साहेब वर आणि माणसं खाली, हे आता चालायचं नाही," अशा अर्थाचं ते बोलले, आणि आम्हीही टेकाडावर यावं असं त्यांनी सांगितलं. एखाद्या साहेबाने खलाशाला शेजार द्यावा, हेच आम्हाला नवं होतं. पण नेमका त्याच सुमारास दादा तापाने पडला. हिवताप. अंगावर चार घोंगड्या टाकल्या तरी दात वाजायचे. म्हटलं, उतार पडला की राहुटी हलवू.

त्याचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. निरोप गेला आणि यमुनावहिनी रावेरहून निघाल्या. लालबागला रेल्वेतून उतरल्या, आमच्या घरी भाकरी खाल्ली आणि पुढे शिध्याच्या बैलगाडीत बसून कॅम्पावर आल्या. वय असेल विशीच्या आत. रावेर सोडून कुठं गेलेल्या नव्हत्या. हिंदी त्यांनी बांगडीवाल्याच्या तोंडून ऐकली होती, तेवढीच. किटलीच्या टेंगळाची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. आजारी माणसाच्या बायकोला कोण विनोद सांगत बसतो?

त्या दिवशी मी सकाळपासून पलीकडच्या काठावर होतो. वाटणीत आलेलं सामान गाड्यांत भरायचं होतं. गाड्या दोन्हीकडच्या वाळूत उभ्या, बैल सोडलेले. आमच्यावर ऊन होतं, पण पूर्वेकडचे डोंगर काळे झाले होते. मावठा. हिवाळ्यातला पाऊस, त्याला कोण भितं? दुपार कलल्यावर वरच्या अंगाचा नाकेदार, म्हणजे जंगलनाक्यावरचा रखवालदार, घोडं पळवत कॅम्पावर आला. वर ढग फुटल्यासारखा पाऊस झालाय, लोंढा निघालाय, सांगत. हे सगळं टेकाडावर घडलं. मला ते नंतर कळलं. मला दिसलं ते इतकंच, की वरून माणसं हात हलवत ओरडताहेत, बैल वर घ्या, बैल वर घ्या.

टेकाडावर काय झालं ते सांगतो. वहिनी दादासाठी काढा उकळायला वरच्या चुलीपाशी आल्या होत्या. नाकेदार हिंदीत काय ओरडला ते त्यांना कळलं नव्हतं. साहेब घाईघाईने तिथं आले. त्यांनी लगेच खाली माणूस पाठवला असता, पण आम्ही आधीच वर आलो असू असं त्यांना वाटलं होतं, कारण वहिनी वर दिसत होत्या. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी विचारलं, "बहनजी, नीचे का तंबू खाली है?"

वहिनींनी पदर ओढला. त्यांना वाटलं, साहेब जाब विचारताहेत. वर आणा म्हणून सांगितलं होतं, तरी तंबू अजून खालीच? त्या खजील होऊन म्हणाल्या, "हो साहेब, खालीच आहे."

"अच्छा. तो फिर रहने दो," साहेब म्हणाले आणि होती तेवढी माणसं घेऊन अलीकडच्या वाळूतल्या बैलांकडे धावले.

राहू दे म्हणाले. वहिनींना बरं वाटलं. आजारी माणूस आहे म्हणून साहेब रागावले नाहीत. त्यांनी काढ्यात गूळ घातला.

पाणी कसं आलं ते मला नीट सांगता येत नाही. आधी आवाज आला, मालगाडी चांदनी स्टेशनावरून येते तसा. मग नदीने रंग बदलला. आम्ही शेवटची जोडी चढावर ओढली आणि मी वळून बघितलं. आमची राहुटी उभी होती. तिच्याभोवती पाणी होतं. मी आधी घाबरलोही नाही. वर एवढी माणसं होती, दादाला कधीच नेलं असणार. मग मला दिसलं की राहुटीचं दार आतून बांधलेलं आहे. थंडी वाजायची म्हणून दादा दाराचे बंद आतून आवळून घ्यायचा. मी ओरडलो. घसा फुटेस्तोवर ओरडलो, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात टेकाडावरून वहिनी धावत सुटलेल्या दिसल्या, हातात तांब्या तसाच. त्यांच्यामागे साहेब. साहेबांनी वहिनींना नाकेदाराकडे ढकललं आणि स्वतः पाण्यात उडी घेतली. छातीपर्यंत गेले. लोकांनी तंबूचाच तणावा फेकून त्यांना ओढून काढलं, नाहीतर तेही गेले असते.

दादाने ठोकलेल्या मेखा पटकन निघाल्या नाहीत. त्या निघाल्या असत्या तर कापड तरंगलं असतं, कुठं झाडाला लागलं असतं, असं मला आजही वाटत राहतं. राहुटी पाण्यात ताठ उभी राहिली, आणि मग एकदम तिथं राहुटी नव्हती. दादा सापडला नाही. पार बऱ्हाणपूरच्या घाटापर्यंत आम्ही शोधला.

चौकशी खात्याच्या लाकूड-डेपोत झाली. चौकशीला आलेले मोठे साहेब हिंदीच बोलणारे. मला दुभाषा म्हणून उभं केलं. वहिनी जमिनीकडे बघत बसल्या होत्या. त्यांना विचारलं तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी साहेबांना सांगितलं होतं. तंबू खालीच आहे म्हणून. त्यांनी विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं."

मी दुबेसाहेबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. किटलीचं टेंगूळ आम्हा दोघांनाच आठवलं असणार. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मोठे साहेब म्हणाले, "ये तो खुद कह रही है कि खाली था. भास्कर, क्या कह रही है?"

मी तोंड उघडलं. मी खरं सांगितलं असतं तर साहेब सुटत होते. पण समोर वहिनी होत्या. विशीच्या आतल्या त्या पोरीला मी काय सांगणार होतो? की तुझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने तुझा नवरा नेला? तेवढ्यात दुबेसाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वो कह रही हैं, उन्होंने बता दिया था कि आदमी नीचे है. हमने ध्यान नहीं दिया." मोठ्या साहेबांनी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

बाहेर आल्यावर वहिनी त्यांना सामोऱ्या गेल्या. त्या काय बोलल्या ते मी लिहीत नाही. तळतळाट होता तो. साहेब मान खाली घालून उभे राहिले. शब्द कळत नव्हते, पण अर्थ कळायला त्या वेळी भाषा लागत नव्हती. वहिनी गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, हे तुम्ही का ओढवून घेतलं?" ते म्हणाले, "हमें तो मालूम था, भास्कर. उस शब्द का हमें मालूम था. उन्हें नहीं था." मग म्हणाले, "उन्हें कभी मत बताना."

त्यांची बढती रोखली गेली आणि कुठल्याशा आडबाजूला बदली झाली. चांगला माणूस डोळ्यांदेखत वाया गेला आणि मी मोगरी हातात धरून बघत राहिलो. काही वर्षांनी ते वारल्याचं कानावर आलं. मी नोकरी पुरी केली, जमादार झालो, पोरं मोठी केली. पण खालच्या काठावर राहुटी पुन्हा ठोकली नाही, कुणालाही ठोकू दिली नाही.

वहिनी माहेरी गेल्या आणि रावेरच्याच झाल्या. शेतात राबल्या, पुन्हा लग्न केलं नाही. दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला मात्र बऱ्हाणपूरला यायच्या, आमच्याकडे उतरायच्या. संध्याकाळी राजघाटावर तापीत एक दिवा सोडायच्या, पळसाच्या द्रोणात. दादाचा. दिवा सोडताना त्याच दमात साहेबाला शाप द्यायच्या. "सांगितलं होतं मी त्याला," म्हणायच्या. मी शेजारी उभा राहून ऐकायचो. दरवर्षी वाटायचं आता सांगावं, आणि दरवर्षी त्यांच्या हातातला तो दिवा बघून मी गप्प बसायचो. साहेबावरचा राग हाच तर त्यांचा आधार होता. तो काढून घेतला तर त्या कशावर उभ्या राहतील?

गेल्या कार्तिकात त्या आल्या, पार वाकलेल्या. दुपारी ओसरीवर बसून वाती वळत होत्या. नात शेजारी बसून राष्ट्रीय उद्यानातल्या त्या तंबूंसाठी फोन लावत होती. फोनवरचा माणूस मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू गेलं. "मॅडम, नदी के पास नीचे वाला तंबू खाली है. दे दूँ?"

वहिनींचे हात थांबले. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी बाजारात, गाडीत हजारदा ऐकला असेल. पण तंबू, नदी आणि तो शब्द, असे तिन्ही एकत्र त्यांच्या कानावर पुन्हा कधी पडले नव्हते. त्यांनी नातीला विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"खाली आहे म्हणतो, आजी. म्हणजे रिकामा. आत कुणी नाही."

वात बोटांत तशीच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली, आणि त्यातच त्यांना काय ते कळलं असावं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "साहेब कुठं असतात हो आता?"

"गेले, वहिनी. फार वर्षं झाली."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि त्यांना?"

"त्यांनाही."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. उरलेली वात वळून पुरी केली आणि नातीला म्हणाल्या, "बाई, मला अजून एक द्रोण लागेल."

संध्याकाळी आम्ही राजघाटावर गेलो. वहिनींना पायऱ्या उतरवेनात, मी हात धरला. त्यांनी एक दिवा सोडला, नेहमीसारखा. मग दुसरा पेटवला आणि तोही सोडला. शाप दिला नाही. दोन्ही दिवे थोडे अंतर ठेवून एकाच धारेला लागले.

नात म्हणाली, "आजी, दोन कशाला? तू तर एकच सोडतेस."

"एक खाली होता त्याचा," वहिनी म्हणाल्या, "आणि एक वर होता त्याचा."